श्वास धरायची सवय

३ फेब्रुवारी

ठमे,

आशीर्वाद शेवटी देते, आधी बातमी. तुझे आतोबा जागे झाले. गुंगीचं औषध कमी केल्यावर काल सकाळी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले. आवाज नाही, कारण गळ्याला भोक पाडून मशीनची नळी तिथून आत घातली आहे. पण ज्या माणसाबरोबर उभा जन्म काढला त्याचे ओठ मला वाचता येतात. ते म्हणाले, "चष्मेवाल्याचा बोर्ड." न्यूमोनियानं आडवे होण्याआधी चष्म्याच्या दुकानाचा बोर्ड अर्धाच रंगवून ठेवला होता, त्याची काळजी. बायको उशाशी बसून वाळली, त्याचं काही नाही.

फोन करत नाही म्हणून तुझा बाप माझ्यावर रागावलाय. फोनवर मला रडू येतं, आणि इथे बाकड्यांवर बसलेले सगळ्यांचे नातेवाईक कान टवकारून ऐकतात. तू होस्टेलवर गेलीस तेव्हापासून आपण पत्रंच लिहीत आलोय, तर आताही तेच बरं. लिहिताना मी रडत नाही. अक्षर बिघडतं, आणि आपल्या घरात बिघडलेल्या अक्षराला माफी नाही.

आता जे विचारायचंय ते. इथे एक व्यायामवाली बाई येते. काटकुळी, केस घट्ट बांधलेले, गळ्यात शिट्टी तेवढी नाही. मी तिचं नाव कवायतबाई ठेवलंय. ती म्हणते, दोन दिवसांत यांना पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवायचं. मशीन चालू असतानाच. मी म्हटलं, बाई, हा माणूस आत्ता कुठे परत आलाय, त्याला जरा निजू द्या. तर म्हणे, निजवून ठेवणं हाच धोका आहे. मला काही ते पटेना. आजारी माणसानं पडून राहायचं असतं हे मी आईच्या मांडीवर शिकले.

तू हेच शिकतेस ना? मग खरं काय ते सांग.

आता आशीर्वाद.

तुझी आत्या

---

९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी वॉर्डातच खुर्चीवर बसकण मारली. आतोबा जागे झाले. मला दुसरं काही नको.

कवायतबाई बरोबर सांगताहेत. अगदी बरोबर. ऐक. आपल्या छातीच्या खाली श्वासाचा एक पडदा असतो, तो स्नायूच आहे. मशीन श्वास देत राहिलं की त्या पडद्याला काम उरत नाही, आणि काम नसलेला स्नायू भराभर वाळतो. पायांचे, पाठीचे, मानेचे स्नायूही तसेच. फुप्फुसं बरी झाली तरी श्वास ओढायला अंगात ताकद उरत नाही, आणि मग मशीन सुटत नाही. मशीन सुटत नाही म्हणून माणूस पडून राहतो, आणि पडून राहतो म्हणून मशीन सुटत नाही. हे चक्र सुरुवातीलाच तोडायचं असतं. नंतर नाही, आत्ता. मशीन लावलेलं असतानाच बसवायचं, मग पाय सोडून बसवायचं, मग थोडा थोडा वेळ मशीनवाचून श्वास घेऊ द्यायचा, खोकायला शिकवायचं, उभं करायचं. मी दिवसभर हेच करते.

पहिल्यांदा बघवणार नाही. त्यांना धाप लागेल, घाम फुटेल, ते तुझ्याकडे काकुळतीनं बघतील. तू खिडकीबाहेर बघ. तुझं मन मेणाचं आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, फक्त तोंड तेवढं चुन्याच्या भट्टीसारखं.

मी येऊ का? मे महिन्यात परीक्षा आहे, आणि त्याआधी मला याच विषयावर सगळ्या मोठ्या लोकांसमोर बोलायचंय. पण रजा मागितली तर मिळेल. तू फक्त हो म्हण.

तुझी
ठमी

---

१६ फेब्रुवारी

ठमे,

तू येऊ नकोस. सगळं छान चाललंय.

तू सांगितलंस तसंच केलं. कवायतबाईंनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं, आणि हे उठून बसले. पाय खाली सोडले. कवायतबाई शाबास म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी उभेही राहिले. आता रोज बसतात. गालांवर जरा मांस दिसायला लागलंय.

व्हिडिओचं तुझ्या बापानं फार लावून धरलंय, पण ते नको. यांना आवडत नाही, आणि तुझ्याही डोळ्यांपुढे नळी लावलेला चेहरा राहील. तुझ्या आठवणीत त्यांना दुकानात, कानावर ब्रश खोचलेलंच राहू दे.

तू अभ्यास कर. आमच्या घरात एक माणूस तरी मोठ्या लोकांसमोर बोलू दे. आम्ही जन्मभर मोठ्या लोकांची नावं रंगवली, बोललो कधीच नाही.

आत्या

---

२२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

दुसऱ्या दिवशी उभे राहिले? मी तुझं पत्र आमच्या सरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, तुझ्या आतोबांची हाडं जुन्या सागाची दिसतात. मी इतकी फुगले की त्या दिवशी जेवायचंही विसरले.

आज माझं भाषण झालं. आत्या, मी त्यांचं उदाहरण दिलं. नाव नाही घेतलं, फक्त म्हटलं, एक बोर्ड रंगवणारे गृहस्थ, वय झालेलं, बरेच दिवस मशीनवर, आणि घरच्यांनी धीर धरून पहिल्यापासून उठवलं म्हणून आज उभे आहेत. घरच्यांनी, असं मी मुद्दाम म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यातल्या निम्म्या तुझ्या.

आता पुढचं. मशीन काढून ठेवतात का दिवसातून? किती वेळ? खोकताना कफ स्वतः वर आणता येतो का? हे मला नक्की कळव. आणि त्यांना सांग, हाताचा व्यायाम म्हणून मला दोन ओळी लिहायच्या. वाकड्या आल्या तरी चालतील, मी कुणाला दाखवणार नाही.

ठमी

---

४ मार्च

ठमे,

यांचा हात अजून थरथरतो, म्हणून लिहीत नाहीत. तुला माहीत आहे ना, त्यांचा हट्ट. वाकडं अक्षर घराबाहेर जाणार नाही.

परवा खिडकीपर्यंत चालत गेले. खाली रस्त्यावर एक बोर्ड दिसतो, औषधांच्या दुकानाचा. त्यातली अक्षरं कशी एकमेकांच्या अंगावर रेलल्यासारखी झालीत ते मला खुणेनं दाखवलं.

थंडी कमी झाली आहे. तुझी तब्येत सांभाळ.

आत्या

---

१० मार्च

आत्या,

मशीनचं तू काहीच लिहीत नाहीस. मी विचारलं होतं.

खिडकीपर्यंत चालले म्हणजे मशीन सुटलंच असेल, असं मी धरून चालते. पण धरून चालायला मला कुणी शिकवलेलं नाही, उलट शिकवलंय. एका ओळीत लिही, सुटलं का नाही. आणि पायाला सूज आहे का?

रागावू नकोस. पोलिसासारखं विचारते आहे हे मला कळतंय. तू खरंच छान केलंस सगळं.

ठमी

---

१९ मार्च

ठमे,

नाही सुटलं.

हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि मग मला काय म्हणायचं ते म्हण. हे खिडकीपर्यंत चालले नाहीत. उभेही राहिले नाहीत. एकदाच बसले, तेही तुझं पत्र आल्यानंतर. पुढचं सगळं मी रचलेलं.

त्या दिवशी कवायतबाई आल्या. दोन मदतनीस, मशीनवाला एक, आणि मी. मी खिडकीबाहेर बघणार नव्हते. म्हटलं, माझा माणूस आहे, मी बघणार. मी त्यांच्या समोर अगदी जवळ उभी राहिले. कवायतबाई म्हणाल्या, काका, लावा जोर. यांनी ओठ घट्ट मिटले, डोळे बारीक केले, समोर भिंतीवर एका ठिकाणी नजर रोवली, आणि उठले. खरंच उठले. पाठीला हात होते, पण उठले. आणि तसेच राहिले. लावा जोर, अजून थोडा, कवायतबाई सांगत होत्या. मग यांचे ओठ जांभळे झाले. मशीन किंचाळायला लागलं. मान एकदम छातीवर पडली आणि मला वाटलं, गेले.

गेले नव्हते. पण मी कवायतबाईंचा हात झिडकारला. नको ते बोलले. म्हटलं, तुम्ही माणसं मारायला शिकलात का. मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन सांगितलं की या बाईनं माझ्या नवऱ्याला पुन्हा हात लावायचा नाही. ते समजावत होते, मी पालथा घडा. त्यांनी माझी सही घेतली. नंतर दुसरा एक व्यायामवाला पाठवला, त्यानं नुसती कूस वळवायची म्हटलं तरी हे तसेच जांभळे व्हायचे, आणि मी त्यालाही घालवला. हे स्वतः तर हात हलवून नको नकोच म्हणत होते. मी त्यांना म्हटलं, कुणी तुम्हाला हात लावणार नाही, मी बसलेय ना इथे.

तुला खोटं का लिहिलं? तुला कळलं असतं तर तू ओरडली असतीस. तू ओरडलीस की मी ऐकते. तुझं ऐकून मी त्यांना परत उठवलं असतं, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत मेले असते. मला असं वाटलं होतं. आणि एकदा लिहिल्यावर ते खोटं रोज वाढायला लागलं, त्याला मीच खायला घालत होते. तुझ्या टाळ्यांचं पत्र आलं तेव्हा मी ते यांच्यापासून लपवलं.

काल मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. म्हणाले, फुप्फुसांतला न्यूमोनिया कधीच गेलाय, पण अंगात श्वास ओढायची ताकद नाही. पाय बघ म्हणाले. मी बघितले, ठमे. माझ्या मनगटाएवढी मांडी झालीये. डॉक्टर म्हणतात, असंच राहिलं तर मशीनसकट कायमचं ठेवण्याची सोय जिथे असते तिथे हलवावं लागेल. तिथून कोणी घरी येत नाही, हे ते बोलले नाहीत, मला कळलं.

बैल गेला आणि झोपा केला, तशी मी आता तुला विचारते आहे. काय करू?

तुझी आत्या

---

२४ मार्च

आत्या,

हे पत्र मी सर्वांत लवकर पोचेल अशा टपालानं पाठवते आहे. तुमच्या मोठ्या डॉक्टरांशी आणि कवायतबाईंशी मी फोनवर बोललेय. तू हे वाचून लगेच कवायतबाईंकडे जा. आधी माफी मागायची आहे ती माग, पण लांबवू नकोस, त्यांना काम आहे.

आता नीट वाच. ओठ मिटले, डोळे बारीक केले, नजर एका ठिकाणी रोवली, असं तू लिहिलंस. ते काय करत होते, आत्या? रेष ओढत होते.

आठव. दुकानात मी सुट्टीला यायचे तेव्हाचा पहिला नियम काय होता? लांब रेष सुरू झाली की दुकानात कुणी श्वास घ्यायचा नाही. त्यांचा हात एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तू, मी, समोर बसलेलं गिऱ्हाईक, सगळे छाती आवळून. मग ते "हं" म्हणायचे आणि सगळे सुटायचे. या माणसानं जन्मभर प्रत्येक अवघड गोष्ट श्वास धरून केली. शटर उचलताना धरला, शिडी चढताना धरला, सुईत दोरा ओवतानासुद्धा धरायचे. जोर लाव म्हटलं की त्यांची छाती आपोआप बंद होते. निरोग्याला ते चालतं. ज्याच्या छातीत चार श्वासांपुरतीच ताकद आहे त्यानं श्वास धरला की तो जांभळा होणारच. बसल्यामुळे त्यांना काही झालं नाही. श्वास धरल्यामुळे झालं.

जोर लावताना श्वास धरणारे रोगी आम्हाला भेटतात, आणि पहिली शिकवणूक तीच असते, की उठताना श्वास बाहेर सोडायचा. पण गळ्यात नळी असली की लोकांचं लक्ष मशीनच्या आकड्यांवर जातं. कवायतबाई आकडे बघत होत्या. आणि तू त्यांच्या तोंडासमोर होतीस, तू चेहरा बघत होतीस, तरी तुला तो चेहरा वेगळा वाटला नाही. वाटणार कसा? तूही त्याच वेळी श्वास धरून उभी असणार. खरं सांग, होतीस ना?

म्हणजे जगात दोन माणसांना हे ओळखता आलं असतं. एक तू, आणि तू ते ओळखू शकत नव्हतीस. दुसरी मी. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी पहिल्या पत्रात तुला पडदा, स्नायू, चक्र सगळं शिकवलं, आणि ज्या माणसाचा श्वास मला लहानपणापासून पाठ आहे त्याच्याबद्दल एक ओळ लिहिली नाही.

आणखी एक. मशीनवरचा माणूस दुसऱ्या दिवशी उभा राहत नाही. पहिल्यांदा बसवलं की त्याला स्वतःची मानही पेलत नाही. हे मी रोज बघते. तुझी पत्रं दुसऱ्या कुणाची असती तर मी पहिल्या ओळीला पकडली असती. मला ती खरी हवी होती, माझ्या भाषणासाठी हवी होती, म्हणून मी पकडली नाहीत. आज सरांना जाऊन सांगितलं की ते उदाहरण खरं नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. त्यानं जास्त वाईट वाटलं.

आता काय करायचं ते. त्यांना सांगायचं की ही रेष नाही. काचेवर नाव काढण्याआधी ते काचेवर तोंडानं हा करून वाफ सोडायचे आणि फडक्यानं पुसायचे, आठवतं? उठताना ती काच पुसायची. जोर लागला की हा. नळीमुळे तोंडातून हवा येणार नाही, पण छातीला बरोबर कळेल. तू समोर उभी राहा आणि तूही हा कर. ते तुझ्याकडे बघून करतील.

मी येते म्हटलं तर तू नको म्हणशील, आणि आता परीक्षा तोंडावर आहे. परीक्षा झाली की येते. तेव्हा विचारणार नाही.

ठमी

---

१४ एप्रिल

ठमे,

हो. मीही धरला होता. तुझं पत्र वाचताना आठवलं, त्या दिवशी माझ्याच छातीत कळ आली होती, मला वाटलं भीतीनं.

कवायतबाईंकडे गेले. त्या जेवणाच्या डब्यापुढे बसल्या होत्या. मी म्हटलं, मी तुम्हाला नको ते बोलले. त्यांनी डबा बाजूला सारला आणि म्हणाल्या, "माझंही चुकलं, मावशी. मी जोर लावा, जोर लावा म्हणून ओरडत राहिले. माणूस जोर लावताना काय करतो ते बघितलं नाही." मला त्यांचा राग पाहिजे होता. तो मिळाला नाही.

मग सुरू केलं. यांना मी कानात सांगितलं, रेष नाही ओढायची, काच पुसायची. यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं ते चुकीचा रंग कालवल्यावर बघायचे. पण समजले. पहिल्या वेळी दोघांनाही जमेना. माझं तोंड उघडायचं आणि श्वास आतच. कवायतबाई मला म्हणाल्या, मावशी, आधी तुम्ही शिका. वॉर्डातले सगळे हसले. इतक्या वर्षांनी मला श्वास सोडायला शिकवणी लावावी लागली, बघ.

पण बसले, ठमे. हा करत बसले, आणि ओठ गुलाबी होते. मशीन गप्प होतं. ते खाली सोडलेल्या पायांकडे बघत राहिले, जणू कुणा दुसऱ्याचे आहेत. मग रडले. आवाज नव्हता, नुसतं पाणी.

आता दिवसा मशीन काढतात, रात्री लावतात. उभं राहायला दोघं लागतात. उजवं पाऊल खाली लोंबतं, उचलत नाही. खांदे गंजलेत, हात कानाच्या वर जात नाही. कवायतबाई रोज ओढतात, आणि हे रोज सोसतात. मी खिडकीबाहेर बघत नाही, श्वास सोडत उभी राहते.

यावेळी यातला शब्द न् शब्द खरा आहे. तुला शंका आली तर कवायतबाईंना विचार. मला राग येणार नाही.

आत्या

---

८ जून

ठमे,

परीक्षा चांगली गेली हे तुझ्या बापाकडून कळलं. तू नाही लिहिलंस, पण मीही बरेच दिवस गप्पच होते.

आम्ही घरी आलोय. घरी म्हणजे दुकानात. वर घरात जायचा जिना तुला माहीत आहे, उभा, लाकडी, वळणावर कठडा नसलेला. यांना तीन पायऱ्यांनंतर बसावं लागतं, आणि बसलं की उठता येत नाही. म्हणून खाली दुकानातच पलंग टाकलाय. मशीन पूर्ण सुटलं, गळ्याचं भोक भरून आलं, आवाजही आलाय, पण घोगरा, आणि एक वाक्य झालं की थांबावं लागतं. ऑक्सिजनचं यंत्र मात्र पलंगाजवळ घुरघुरत असतं.

रंग आणि टर्पेंटाइनचा वास छातीला चालणार नाही म्हणाले, म्हणून सगळे डबे मी उचलून दिले. एक गाडी भरली. हे पलंगावरून बघत होते आणि कुठल्या डब्याचं झाकण नीट लागत नाही ते गाडीवाल्याला सांगत होते. चष्मेवाल्यानं छापील बोर्ड लावून घेतला. अर्धा रंगवलेला त्यानं परत मागितला नाही, तो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय.

परवा यांनी ब्रश मागितला. रंग नाही, नुसतं पाणी. मांडीवर पाटी घेतली, ब्रश पाण्यात बुडवला आणि रेष ओढायला घेतली. कवायतबाईंनी शिकवल्याप्रमाणे श्वास सोडत ओढली. ती हलली. पुन्हा ओढली, पुन्हा हलली. मग त्यांनी जुन्यासारखा श्वास धरला. अर्ध्यावर आली तोवर ओठ जांभळे, ब्रश पाटीवरून खाली. मी धावले. त्यांनी मला हातानं थांबवलं. सगळ्या रेषा वाळेपर्यंत ते पाटीकडे बघत बसले. नंतर ब्रश पुसून, केस नीट करून माझ्या हातात दिला. म्हणाले, "ठेव वर."

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल कवायतबाई घरी बघायला आल्या होत्या. निघताना मी त्यांना दारात गाठून विचारलं, तुम्हाला पहिल्या दिवशीच हाकलून दिलं नसतं, पहिल्यापासून उठवलं असतं, तर फरक पडला असता का? त्या माझा हात धरून म्हणाल्या, "नाही हो मावशी. आजारच मोठा होता. मनाला लावून घेऊ नका." आणि माझ्या डोळ्यांकडे न बघता चपला घातल्या.

चांगली बाई आहे. पण मी स्वतः खोटं लिहून बघितलंय, त्यामुळे मला दुसऱ्याचं ओळखू येतं.

यांनी मला आजवर एका शब्दानं विचारलेलं नाही. दिवसभर छताकडे बघतात, आणि वरच्या मजल्यावर मी चालले की माझ्या पावलांचा आवाज ऐकतात. उद्या विचारतील. तेव्हा मी काय सांगू?

तुझ्या माझ्यात खोटं मी आणलं. ते बाहेर काढायला मी तुलाच सांगते आहे, कारण दुसरं कोणी मला खरं सांगणार नाही. फरक पडला असता का?

आत्या

---

१५ जून

आत्या,

तुझं पत्र आलं त्याला तीन दिवस झाले. पहिल्या दिवशी मी तुला एक छान पत्र लिहिलं. आजार फार मोठा होता, वय होतं, कुणाला सांगता येत नाही, असं सगळं. चांगलं झालं होतं. कवायतबाईंनी सही केली असती. ते फाडलं.

फरक पडला असता.

पहिल्या आठवड्यापासून उठवलं असतं तर मांड्या इतक्या गेल्या नसत्या. पाऊल लोंबलं नसतं, निदान इतकं नसतं. खांदे गंजले नसते. ते जिना चढले असते का? मला वाटतं, हळूहळू, वळणावर थांबून, चढले असते. रेष पूर्वीसारखी आली असती का, ते मला खरंच माहीत नाही. त्यांची फुप्फुसं आजारानंच पुष्कळ खाल्ली आहेत. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, माहीत नाही म्हणून लिहिते आहे.

तू त्यांच्यावर प्रेम केलंस म्हणून हे झालं, असं म्हणायला मी बसले होते. पण तेही अर्धंच खरं आहे. तू घाबरलीस, कवायतबाईंनी चेहरा बघितला नाही, आणि मी इतक्या लांबून टाळ्या घेत बसले. तिघींनी मिळून ते दिवस घालवले, आणि ते त्यांचे होते. आपल्यापैकी एकीचे नव्हते. मला याचं फार वाईट वाटतं, आत्या. मी कामावर एखाद्याला पहिल्यांदा बसवते तेव्हा आता आकड्यांच्या आधी त्याचा चेहरा बघते.

तू विचारतेस त्यांना काय सांगू. त्यांनी विचारलं तर हेच सांग. विचारलं नाही तर आपण होऊन सांगू नकोस. पण मला वाटतं त्यांना माहीत आहे. त्या दिवशी नको नको म्हणून हात त्यांनीही हलवला होता, आणि छताकडे बघणारा माणूस नुसता तुझा हिशेब करत नसतो, स्वतःचाही करतो. म्हणूनच ते विचारत नसतील. तू उत्तर द्यायला घाबरतेस आणि ते तुला उत्तर द्यायला लावायला घाबरतात, आणि दोघं एकाच खोलीत पुन्हा श्वास धरून बसला आहात.

मला रजा मिळाली आहे. रविवारी दुपारच्या गाडीनं येते. मी काही त्यांना चालायला लावणार नाही, त्याची वेळ गेली, जेवढं उरलंय तेवढं करू. संध्याकाळी तुम्हा दोघांच्या मध्ये स्टुलावर बसेन आणि हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवेन. तुझ्याच्यानं ते होणार नाही, आणि ते माझंही काम आहे. ते रागावले तर दोघींवर रागावतील.

तुझी
ठमी